उपरण्याखाली ठरलेली अँबॅसिडर

जुनी गाडी पाहायला जाताना मी पर्समध्ये जुन्या स्पीकरमधून काढलेला एक लोहचुंबक आणि स्वेटर विणायची एक सुई ठेवत असे. चुंबक गाडीच्या अंगावर फिरवायचा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा उरलेला नाही, रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. सुई दाराच्या खालच्या कडेला टोचायची. आत गेली की दार गंजून पापडासारखं झालंय असं समजायचं. एवढ्या भांडवलावर मी पिंपरीत पंधराएक वर्षं काढली. लोकांना वाटायचं, बाईंना इंजिनातलं कळतं. मला इंजिनातलं तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. ते उस्मानभाईंचं खातं.

उस्मानभाईंचं गॅरेज मुंबई-पुणे रस्त्यापासून जरा आत होतं. माझे यजमान कंपनीत टर्नर. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी गॅरेजात बिलं लिहायला जाऊ लागले. जुनी गाडी घेणारे लोक उस्मानभाईंना "जरा येऊन बघा" म्हणून घेऊन जायचे. एकदा ते गाडी उत्तम आहे असं सांगून आले आणि आठ दिवसांनी कळलं की विकणारा गाडीचा मालकच नव्हता, मालकाचा मेहुणा होता. तेव्हा ते मला म्हणाले, "ताई, लोखंड मी बघतो, कागद तुम्ही बघा." कागद बघता बघता मी माणसं बघायला लागले आणि पुढे भावही मीच करू लागले, कारण समोरच्याने चहा पाजला की उस्मानभाई मऊ पडायचे.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली पहिलीच गोष्ट पटत नाही. नवी गाडी त्या काळी नुसते पैसे देऊन मिळत नसे. नंबर लावायचा, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. त्यामुळे ज्याचा नंबर लागला तो गाडी वर्षभर वापरायचा आणि घेतल्यापेक्षा जास्त भावाला विकायचा. बदली होऊन आलेल्या एका साहेबांना मी हे तीनदा समजावलं.

"बाई, वापरलेला टूथब्रश नव्यापेक्षा महाग कसा असेल?" त्यांनी विचारलं.

"दुकानात टूथब्रशच नसले तर?" मी म्हटलं. त्यांनी गाडी घेतली, पण ते समजले असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गाडी थंड असली पाहिजे. आपण यायच्या आधीच तापवून ठेवली असेल तर ती थंड असताना सुरू होत नाही हे नक्की. चिंचवडच्या एका सद्गृहस्थांनी मला सांगितलं, "आत्ताच मंडईतून आलो, म्हणून गरम आहे." तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, झाली का सुरू? सकाळपासून ढकलताय!" मी फक्त हजार रुपये कमी सांगितले आणि त्यांनी मान डोलावली. आवाज करणाऱ्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून तो गप्प करणारे लोकही मी पाहिलेत. धूर लपवायला जाड ऑइल घालणारे तर पुष्कळ.

गाड्यांचं सगळं असं शोधून काढता येतं. माणसांचं तसं नसतं. रामदासची गाडी मी सात-आठ वर्षांपूर्वी घेऊन दिली, पेट्रोल एकदम भडकलं त्याच्या पुढच्या वर्षी. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर काय घडलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तरी सांगते.

रामदास मूळचा माणचा, भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होता. प्रेस म्हणजे पत्र्याला ठोकून आकार देणारं मशीन. त्या मशीनखाली त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट गेलं. भरपाई, फंड आणि बायकोच्या पाटल्या मिळून त्याच्याजवळ साडेआठ हजार रुपये होते. पुन्हा मशीनवर उभं राहायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. तळेगाव ते चाकण रस्त्याला एसटी कमी, आणि कामाला जाणारे लोक वाढत चाललेले. जुनी अँबॅसिडर घ्यायची, टॅक्सीचा परवाना काढायचा आणि शिटा न्यायच्या, असा त्याचा बेत. अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, म्हणजे तो डाव्या हाताने टाकायचा. उस्मानभाईंनी त्याला गॅरेजातल्या गाडीवर बसवून गावाबाहेर दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाले, "चालवतो. माझ्यापेक्षा बरी चालवतो."

गाडी चाकणजवळ एका हेड्याकडे होती. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. त्याला सगळे गेनूशेठ म्हणत. साठीचा, काटक, बैल नुसता चालताना पाहून त्याचं वय सांगणारा माणूस. बाजार फिरायला म्हणून त्याने ही गाडी घेतली होती आणि आता पेट्रोल परवडेना म्हणून विकत होता. भाव त्याने आधीच निरोपाने कळवला होता, दहा हजार.

जाताना एसटीत मी रामदासला बजावलं होतं, "हात दाखवत बसू नकोस. गरजू माणूस दिसला की भाव उतरत नाही." आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची नड झाकायची असते. तो तसाही हात झाकूनच वावरायचा, टॉवेलात गुंडाळून.

गेनूशेठच्या गोठ्यापुढे पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. शेजारी बैलजोडी. ओट्यावर गावातले चार-पाच लोक येऊन बसलेले. मी चुंबक काढून गाडीवर फिरवायला लागले तसा शेठ हसला.

"बाई, दात बी मोजनार व्हय गाडीचे?"

"असते तर मोजले असते," मी म्हटलं.

"मोजा, मोजा. कोंबडीगत अंडी न्हाई देत, येवढाच दोष हाय तिच्यात."

ओट्यावरचे लोक हसले. चहा आला. रामदासने डाव्या हाताने कप घेतला.

"डावखुरा हायस का रं?" शेठने विचारलं.

"व्हय," रामदास म्हणाला आणि खाली बघत चहा प्यायला.

उस्मानभाई अर्धा तास गाडीखाली होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, दिल चांगलं आहे, हाड मोडलेलं आहे." म्हणजे इंजिन उत्तम, पण चासी पुढून तडकलेली. कधीतरी कुठेतरी आपटून वेल्डिंग मारलेलं आणि वर काळा रंग. तशा चासीवर टॅक्सीचं पासिंग मिळालं नसतं, आणि मिळालं असतं तरी सहा माणसं घेऊन ती चालवणं धोक्याचं होतं. चासी नीट करायला दीड हजार.

मग हिशोब सोपा होता. मी रामदासला गोठ्यामागे नेऊन सांगितलं, "सातच्या वर एक रुपया गेला तर चासीला पैसे उरणार नाहीत. गाडी दारात उभी राहील आणि तू परत प्रेसवर. सातला नाही म्हणाला तर उठायचं. सुरुवात चारपासून. पहिला आकडा सांगताना आपल्याला लाज वाटली पाहिजे, तरच तो बरोबर असतो."

"चारला शेठ मारतील, ताई."

"मार मी खाते. बोलणारही मीच आहे."

बोलणारी मीच, हे धरून चालले तिथे मी चुकले. परत येऊन मी चासीपासून सुरुवात केली. शेठने ऐकून घेतलं, वेल्डिंगही कबूल केलं. त्यात तो सरळ होता. आणि मी आकड्यावर येणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"बाई, आमच्यात भाव तोंडानं करत न्हाईत."

"मग?"

त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं. ओट्यावरचे लोक सरसावून बसले. त्यांना हेच बघायचं होतं.

जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात आणि वरून कापड टाकतात. आपला भाव सांगायचा तर समोरच्याची तितकी बोटं धरायची. तीन बोटं धरली की तीन. सगळा पंजा दाबला की पाच. सातासाठी पंजा दाबून मग दोन बोटं. भाव पटला नाही तर समोरचा बोटं सोडवून घेतो. हजार की शेकडा एवढंच आधी तोंडाने ठरवतात. बघणाऱ्याला आकडा कळत नाही, आणि सौदा झाल्यावरही दोघांनी तो सांगायचा नसतो. सौदा मोडला तर त्या जनावराची किंमत चारचौघांत पडत नाही, हा त्यातला फायदा.

"माझ्याशी करा," मी हात पुढे केला.

शेठ दोन पावलं मागे सरला. "बाईच्या हातात हात? अन् उपरण्याखाली? म्हातारपनी गाव सोडायला लावता व्हय मला?"

ओट्यावर हशा पिकला. उस्मानभाई पुढे झाले. शेठने मान हलवली. "मिस्त्री, तुमी जानकार मानूस, पर गाडी तुमची न्हाई. ज्येची गाडी त्येचा हात. ये रं पोरा. मोजनी हजारात."

रामदासने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं.  पण बोलले तर त्याची बोटं गेल्याचं उघडं पडेल या भीतीत मी होते, आणि तेवढ्यात त्याने टॉवेल सोडून उजवा हात उपरण्याखाली सरकवला. इतक्या चपळाईने की वर कोणाला काही दिसलं नाही.

मी शेठचा चेहरा बघत होते. आधी तो भाव करणाऱ्याचा चेहरा होता, म्हणजे कसलाच नाही. मग उपरणं हललं. शेठने पंजा धरायला हात आवळला असणार, आणि पंजा तिथे नव्हताच. दहा मागा, नऊ मागा, नाहीतर आठ, पाचाच्या वरच्या कुठल्याही आकड्याला आधी पाच बोटं लागतात. रामदासच्या हातावर तीन होती.

शेठ थांबला. त्याने एकदा रामदासच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लांब बैलांकडे. कापड बराच वेळ हललं नाही. ओट्यावरचा एकजण म्हणाला, "शेठ, झोप लागली का?" शेठने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मग उपरणं थोडं हललं, ते रामदासच्या बाजूने. पुन्हा स्तब्ध. आणि शेठने एकदम उपरणं ओढून खांद्यावर टाकलं.

"झालं. गाडी पोराची."

"कितीला?" मी विचारलं.

दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी काहीतरी वाईट बोलले. रामदासचा हात टॉवेलात परत गेला होता. तो शेठच्या मागोमाग घरात गेला, पैसे देऊन आला. मी विक्रीचा कागद घेऊन उभी. रक्कम काय लिहायची?

"काय बी लिवा," शेठ म्हणाला.

मी "ठरलेली पूर्ण रक्कम मिळाली" एवढं लिहिलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. इतक्या वर्षांत आकड्याशिवाय केलेला तो माझा एकमेव कागद.

येताना गाडीत मी रामदासला सरळ विचारलं. तो म्हणाला, "ताई, सांगितलं तर सौदा बाटतो. पर सातच्या आत हाय. तुम्ही घोर करू नका."

मी घोर केला. आठ दिवसांनी त्याने गाडी गॅरेजात आणली, चासीचं काम सांगितलं आणि दीड हजार मोजून दिले. म्हटलं ठीक, सातला ठरलं. मग त्याने चार टायर नवे घातले. म्हणजे सहा. मग सीटवर नवं रेक्झिन, विमा, परवान्याचा खर्च, आणि तरी खिशात काहीतरी होतंच. मी बिलाच्या मागे आकडे मांडले. पाच, किंवा पाचाच्याही खाली. नुसतं इंजिन काढून विकलं असतं तरी तेवढे आले असते!

इथे दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. माझ्या धंद्याने मला एकच शिकवलंय, स्वस्त मिळालं म्हणजे आपल्याला काहीतरी दिसलेलं नाही. चाकणचा मुरलेला हेडी निम्म्या भावात गाडी देतो? का देतो? मी रामदासला सांगितलं, "मी सांगेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही." उस्मानभाईंना पुन्हा सगळी खोलायला लावली. ते कुरकुरले, पण खोलली. इंजिन नंबर, चासी नंबर ताडून पाहिले. गाडी चोरीची असेल, तिच्यावर कर्ज असेल, अपघातात कोणी मेलं असेल, म्हणून मी पुण्याला आरटीओत दोन खेपा घातल्या. सगळं स्वच्छ. यात बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी रामदासची बायको हौसा गॅरेजात आली आणि दारातूनच म्हणाली, "ताई, महाग गाडी घेतली तर लोक रडत्यात. आमी स्वस्त घेतली म्हणून तुमी जप्त केली व्हय?"

उस्मानभाई गाडीखाली हसताना ऐकू आले. मला राग आला, तो स्वतःचा. मी किल्ली दिली आणि दुसऱ्या दिवशी एकटी चाकणला गेले.

गेनूशेठ बैलांना पाणी पाजत होता. मी म्हटलं, "शेठ, गाडीत काय लपवलंत?"

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सौदा झाल्यावर त्याला असं विचारत असणार. त्याने बादली खाली ठेवली. "तड मी कबूल केली का न्हाई?"

"केलीत. मग एवढ्या कमी भावाला का दिलीत?"

"तुमाला त्येनं भाव सांगितला?" त्याचा आवाज चढला.

"नाही. मी हिशोबाने काढला."

तो जरा निवळला. मग म्हणाला, "मी भाव मागितलाच न्हाई, बाई. मागाया गेलो तर हातात पंजा न्हाई. त्येनं माझी बोटं धरली. मी सोडवून घेतली न्हाईत."

"का?"

"का म्हंजी?"

"तोंडाने सांगायचं होतं. दहा, नऊ, काय हवं ते."

"चार मानसं बसल्याली. येकदा उपरनं टाकल्यावर तोंडानं कसा बोलू? का इचारू, बाबा, तुजी बोटं कुटं गेली?" त्याने पुन्हा बादली उचलली. "बोटं धरून मानूस थरथरत हुता. मी म्हनलं, सुटू दे येकदाचं."

"म्हणजे दया आली तुम्हाला."

"दया?" तो खरोखर चिडला. "मला नुस्कान झालं, बाई. मी पंधरा दिस जेवलो न्हाई नीट. दया कसली!"

मग त्याने मला चहा पाजला आणि बैलांना वैरण टाकायला लागला.

रामदासने त्याची किती बोटं धरली असतील हे मला विचारायची गरज नव्हती. पहिला आकडा मीच शिकवला होता. चार. पुढचे पाच, सहा, सात बोलायची वेळच आली नाही. इथवर मला कळतं. यापुढचं कळत नाही. शेठने गाडी दिली ती माणुसकीने, की रिवाजात अडकला म्हणून, की चारचौघांत संकोच वाटला म्हणून? त्याला विचारलं तर तो नुकसान म्हणतो. उस्मानभाई म्हणतात, "ताई, अल्लाने दिलं, तुम्ही पावती कशाला मागता?" आमचे यजमान म्हणतात, तो हेडी मूर्ख होता. मूर्ख तो नक्कीच नव्हता.

आणि त्याहून मला सतावतो तो रामदास. दिवसभर ज्याने हात टॉवेलाबाहेर काढला नाही, त्याने तो उपरण्याखाली इतक्या चटकन कसा घातला? त्याचं घर शेतकऱ्याचं. बैलबाजारात बापाबरोबर तो शंभरदा गेलेला. तीन बोटांवर दहा मागता येत नाहीत हे मला नंतर उमगलं. त्याला आधीच ठाऊक नसेल? की लाजेने जीव चोरून, डोळे मिटून त्याने हात दिला आणि पुढचं आपोआप झालं?

गेल्या वर्षी तळेगाव स्टेशनाबाहेर तो भेटला. गाडी तीच, रंग नवा. मी चाकणला निघाले होते, पुढच्या सीटवर बसले. शिटा भरेपर्यंत वेळ होता, मागे बसलेले दोघे पेंगत होते. मी ठरवलं, आज विचारायचंच.

"रामदास, त्या दिवशी उजवा हात पुढे केलास तो मुद्दाम का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंधरा वर्षं विकणाऱ्यांचे चेहरे वाचून पोट भरलंय. हा चेहरा भोळा होता की पक्का, मला सांगता येणार नाही.

"काय ताई," तो म्हणाला, "देण्याघेण्याला डावा हात पुढं करत्यात व्हय कुणी?"

आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "चाकण, चाकण! दोन शीट, दोन शीट!" दोघे कामगार धावत आले. एकाला मागे जागा होती, दुसरा पुढचं दार उघडून उभा राहिला.

"ताई, जरा सरकता का?" रामदास म्हणाला.

मी सरकले.